डेक्कन कॉलेजात हातात घेतलेलं एक हाड

पुण्यातले बाकीचे दिवस लग्नात, खरेदीत आणि ट्रॅफिकमध्ये गेले. शनिवारवाड्यात तर माणसांच्या रेट्यातून बाहेर पडण्यातच सकाळ संपली. लिहावंसं वाटतंय ते डेक्कन कॉलेजबद्दल. (रिक्षावाल्याला येरवडा म्हणून ठणकावून सांगा, नाहीतर तो जिमखान्यावर नेऊन सोडेल.)

माझी मावसबहीण तिथे पुरातत्त्वात पीएचडी करते. जुनी दगडी इमारत धड बघूही न देता तिने मला थेट तिच्या टेबलापाशी नेलं. उत्खननातल्या हाडांशी तुलना करायला आजच्या पक्ष्यांची हाडं जपून ठेवलेली असतात, त्यातलं एक आडवं कापलेलं हाड तिने माझ्या हातात दिलं. "ताई, आत बघ."

पक्ष्याचं हाड पोकळ, एवढंच मला ठाऊक. याच्या पोकळीत मात्र दाणेदार थर होता. कोंबडी अंड्यावर आली की कवचाला लागणारं कॅल्शियम पायाच्या हाडात साठवते. अंडी थांबली की थर विरून जातो. उत्खननात असं हाड सापडलं, तर ती कोंबडी ऐन अंड्यावर असताना मेली हे पाचशे वर्षांनीही कळतं.

मला ते हाड खाली ठेववेना. आमच्या आजीने अंड्यावरची कोंबडी जावयासाठीही कापू दिली नसती. मग उत्खननात असं हाड निघालं, तर त्या घरात काय घडलं असेल? उपासमार? आजारपण? की कोंबडीच रोगाने गेली? ते हाड सांगत नाही. पण परसात कोंबड्या पाळणारं एक घर तिथे असावं हे सुचवतं, आणि अशा घरांची बखर कुणी लिहीत नाही.

मग ती बोलतच सुटली. मध्ययुगीन इंग्लंडच्या शहरांत कचऱ्याच्या खड्ड्यांतून पक्ष्यांमध्ये सगळ्यात जास्त निघते ती कोंबडी. क्रौंच आणि मोर मात्र बड्यांच्या पानातले. लंडनमध्ये घारी आणि डोमकावळ्यांची हाडं मिळतात, कारण खाटकांची घाण रस्त्यावरच पडायची. आपल्याकडे मटण मार्केटवर घारी घिरट्या घालतात, तसंच.

चीड आली ती पुढचं ऐकून. माती बारीक चाळणीतून चाळली नाही तर ही नाजूक हाडं निसटतात, गुराढोरांचीच हाती लागतात, आणि लोक पक्षी फारसे खातच नव्हते असं वाटू लागतं. जुन्या खोदकामांत असं किती मातीबरोबर फेकलं गेलं असेल! उत्खननाच्या बातमीत नाणी आणि मूर्तींचे फोटो येतात. चाळणी लावली होती का, हे मी आता आधी विचारणार.