वहीतली मे महिन्याची नोंद

एप्रिल 2010. हंगामाचे शेवटचे प्लॉट उतरत होते. निफाड तालुक्यातल्या एका निर्यातदाराकडे मी क्वालिटीचं काम बघायचो. दुपारी हॉलंडमधल्या रॉटरडॅमहून आयातदाराचा फोन आला. आमच्या कंटेनरमधल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलंय, माल थांबवलाय.

क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणजे आपलं सीसीसी. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा जोर नुसत्या शेंड्याला जाऊ नये, काडीत घड तयार व्हावा म्हणून द्राक्षपट्ट्यात ते सर्रास मारलं जायचं. दुकानात उघड मिळायचं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कंटेनरमधला बराचसा माल एकाच शेतकऱ्याचा होता. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं. तो माल मी स्वतः उभं राहून भरून घेतला होता. 16 मिलिमीटरच्या खालचा मणी नाही, घडाला हात लावायचा तो फक्त देठाला, म्हणजे मण्यावरची लव पुसली जात नाही. बायका कात्रीच्या टोकानं एकेक खराब मणी काढायच्या आणि शेजारच्या मण्याला ओरखडा येऊ द्यायच्या नाहीत. सकाळी तोडलेला माल दुपारपर्यंत प्री-कूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, गेला पाहिजे, याच्यावरून मी रोज कोणाशी तरी भांडायचो. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत पोचता यायचं. एवढी शिस्त आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या फळात तेव्हा मी पाहिली नव्हती.

आणि माल पाठवण्याआधीचा, औषधांचे अवशेष तपासणारा लॅबचा रिपोर्ट स्वच्छ होता. लॅबचा माणूस बागेत येऊन स्वतः नमुना घेऊन गेला होता. तपासायच्या यादीतलं एकही रसायन मर्यादेबाहेर नव्हतं. पण सीसीसी त्या यादीतच नव्हतं. एकाच चाचणीत ढीगभर कीटकनाशकं पकडणारी जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात हा रेणू सापडत नाही. तो पाण्यात विरघळणारा, क्षारासारखा वागणारा, त्याच्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते. मे महिन्यात मारलेलं औषध वेलीच्या लाकडात मुरून पुढच्या मार्चच्या मण्यात उतरेल, हे यादी करणाऱ्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. माझ्याही यायला हवं होतं.

संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी फवारणीची वही आणली. मे 2009 च्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख, सीसीसी, प्रमाण, सगळं लिहिलेलं. खाली तपासल्याची माझी सही.

"मी तर लिहून ठेवलं होतं ना, साहेब?"

ते एवढंच म्हणाले. आवाज चढला नाही.

मर्यादा किती, असं त्यांनी विचारलं. किलोला 0.05 मिलिग्रॅम. युरोपात हे कशालाच चालत नाही का? मी गाडीत छापील तक्ता ठेवला होता, तो आणला. गव्हापुढे आकडा होता 2. चाळीसपट. तिकडचा शेतकरी गव्हाची ताटं लोळू नयेत म्हणून हेच मारतो आणि त्याच गव्हाचा पाव लोक रोज खातात. द्राक्षावर ते वापरायची तिथं परवानगी नाही, म्हणून द्राक्षाचा आकडा थेट तळाला, प्रयोगशाळेला खात्रीनं मोजता येतं तिथं. त्या 0.05 वरून द्राक्ष खाणाऱ्याला अपाय कुठून सुरू होतो, ते कळत नाही.

तिथल्या गिऱ्हाइकाला सुरक्षित माल मिळाला पाहिजे, याबद्दल माझं कधीच दुमत नव्हतं. पण मर्यादा वाढवून मागायची तर शेतातल्या चाचण्या, अवशेषांचे अभ्यास, सगळं मागणाऱ्यानं आणून द्यायचं. साडेतीन एकरवाला ते कुठून आणणार? 1995 पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या करारात विकसनशील देशांच्या गरजा लक्षात घ्याव्यात असं कलम 10 मध्ये लिहिलंय. 2001 मध्ये दोह्यात या संघटनेच्या बैठकीत ठरलं, की नवा नियम टप्प्याटप्प्यानं आणता येत असेल तर अशा देशांना साधारण सहा महिन्यांची तरी मुदत मिळावी. आमच्या मालाला लागलेला नियम नवा नव्हता, तेव्हा तेही लागू नाही. आणि जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करायची ती फक्त सरकारनं. आप्पांना तिथं दारच नाही. ते दार असावं, निदान अभ्यासाचा खर्च आयात करणाऱ्या श्रीमंत देशांनी उचलावा, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

पुढे सीसीसीची तपासणी सुरू झाली. आप्पांच्या त्या मालाचे पैसे मात्र बुडाले.

निघताना त्यांनी वही पुन्हा माझ्यापुढे केली. "पुढच्या साली काय मारायचं नाही, ते आत्ताच लिहून द्या." मी लाल पेननं सीसीसी लिहिलं. ते वही तशीच धरून उभे होते, "अजून?" म्हणाले. माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं.