पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने : निघण्यापूर्वीच्या तयारीचा माझा अनुभव

जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग सुमारे ३२० किलोमीटरचा आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या ‘युरोवेलो ६’ या मार्गाचा तो एक तुकडा. मार्ग बराचसा सपाट आहे, बहुतांश भाग मोटारींपासून वेगळा आहे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाल्यास वारा बहुधा पाठीशी राहतो. एवढे वाचल्यावर पुण्यातील आम्हा पाच मित्रांपैकी एकाने, ‘अरे, मग तयारी ती काय करायची?’ असा प्रश्न केला होता. आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा पानशेतपर्यंत सायकल चालवणारे असल्याने तो प्रश्न तेव्हा कोणालाच वावगा वाटला नाही.

पहिला वाद तारखांचा झाला. सप्टेंबरमध्ये तिकडे उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते आणि हवाही सायकलला मानवणारी असते, म्हणून महिना पटकन ठरला. पण दोघांच्या घरी दहा दिवसांचे गणपती आणि एकाच्या घरी नवरात्र असल्यामुळे अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्या मधला पंधरवडाच हाती उरला. पितृपंधरवड्यात एवढा लांबचा प्रवास कशाला, हा घरच्या ज्येष्ठांचा आक्षेप होताच. आम्ही तो आदराने ऐकून घेतला आणि तिकिटे काढली.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी) ज्या देशात अधिक मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. आमचे विमान म्युनिकला उतरणार होते, पण पासाऊची रात्र वगळता सारे मुक्काम ऑस्ट्रियात होते, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे केला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. आम्ही जूनमध्येच करून टाकला. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा आवश्यक असतो, आणि त्या विम्यात सायकलवरील अपघाताचा खर्च मिळतो की नाही हे बारीक अक्षरांतील अटी वाचूनच कळते. आमच्यातील बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राने त्या अटी पेन्सिलीने खुणा करत वाचल्या आणि पहिली पॉलिसी बाजूला ठेवायला लावली.

व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण जोडावे लागते, आणि खरी तयारी या एका अटीमुळे सुरू झाली असे मी म्हणेन. कुठे राहायचे हे ठरवायचे तर रोज किती अंतर कापायचे हे ठरवणे आले, आणि ते ठरवायचे तर आमच्यातील सर्वांत सावकाश सायकल चालवणारा मित्र सलग दिवसांत किती अंतर आनंदाने कापू शकतो, हे प्रामाणिकपणे विचारणे आले. एकाला रोज ऐंशी किलोमीटर हवे होते. दुसऱ्याला मेल्कचा मठ निवांत पाहायचा होता आणि माउथहाउझेनच्या नाझी छळछावणीच्या स्मारकासाठी अर्धा दिवस हवा होता. बऱ्याच चर्चेनंतर रोजचे पन्नास-साठ किलोमीटर ठरले, आणि मेल्क ते क्रेम्स हा द्राक्षमळ्यांतून जाणारा वाखाउ खोऱ्यातील जेमतेम ३५ किलोमीटरचा टप्पा मुद्दाम एक पूर्ण दिवस देऊन सावकाश करायचा असे ठरले. ज्याला वेग हवा त्याने पुढे जावे, मात्र पुढच्या गावाच्या चर्चपाशी थांबावे, हा नियम आम्ही घरूनच करून निघालो. मित्रमंडळींच्या सहलीत अशा गोष्टी गृहीत धरण्याची पद्धत असते. माझ्या मते त्या स्पष्ट बोलून घेतलेल्या बऱ्या.

सरावाबाबत आमची एक समजूत लवकरच बदलली. बोपदेव घाट चढता येतो म्हणजे सपाट रस्ता सहज जमेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घाटात चढ संपला की उतार लागतो आणि उतारावर पायांना व बुडाला विश्रांती मिळते. सपाट रस्त्यावर तशी सवलत नसते; तासन्‌तास एकाच बैठकीत पॅडल मारत राहावे लागते. म्हणून आम्ही घाट सोडून सोलापूर रस्ता धरला. पहाटे निघून भिगवणला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असा क्रम ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसताना जी वेदना होते ती एका दिवसाच्या सफरीत कधीच कळत नाही. गादीची सायकलिंग शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, शिवणी घासतात त्या जागी आधीच व्हॅसलिन लावायचे असते आणि सीट अर्धा सेंटीमीटर खालीवर केल्यानेही गुडघ्याची तक्रार थांबू शकते, हे सगळे त्या रस्त्याने शिकवले. पॅनिअर बॅगांमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांमध्ये, दोन्हीकडे पाच-पाच किलो तांदळाच्या पिशव्या भरून सराव केला तेव्हा वळताना सायकल कशी ओढ घेते हेही समजले. पावसाळा असल्यामुळे रेनकोटची परीक्षा आपोआप झाली आणि एकाचा महागडा रेनकोट यवतच्या अलीकडेच नापास झाला.

सायकली इथून न्यायच्या की तिथे भाड्याने घ्यायच्या, यावर एकमत झाले नाही आणि करण्याचे कारणही नव्हते. तिघांनी स्वतःच्या सायकली नेल्या, दोघांनी पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नाला परत करण्याची सोय निवडली. भाड्याच्या सायकलीच्या अर्जात एक प्रश्न असा होता की ब्रेक फक्त हाताचे हवेत की उलटे पॅडल मारल्यावर लागणारेही चालतील. तिकडच्या लोकांना तसल्या ब्रेकची सवय असते. आपल्याला चढावर पॅडल मागे घेऊन पाय जुळवण्याची सवय, त्यामुळे दोघांनीही हाताचेच ब्रेक मागितले. शिवाय तिकडे पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, ही गोष्ट पहिल्या उतारापूर्वी माहीत असलेली बरी. दोघांनी स्वतःची सीट मात्र इथून काढून बरोबर घेतली, कारण महिनोन्‌महिने जमवून घेतलेली बैठक परक्या सीटवर वाया गेली असती.

आम्हा तिघांची पुठ्ठ्याची खोकी एका सायकल दुकानाने फुकट दिली. खोक्यात सायकल बसवण्याचे काम एकदा घरी करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. पॅडल काढताना उजवे नेहमीप्रमाणे सुटते, पण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते अधिकच घट्ट बसते. हॅण्डल आडवे फिरवून बांधायचे, पुढचे चाक फ्रेमला लावायचे, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) उघडून चिंधीत गुंडाळून आत वळवायचा आणि पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुपाकी भागाच्या) दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आधार अडकवायचा, म्हणजे आपटल्यावर तो दबत नाही. टायरमधली हवा कमी केली. पाने आणि अ‍ॅलन की खोक्यात गेल्या, पॉवर बँक हाताच्या बॅगेत आली, आणि हवा भरण्याच्या गॅसच्या कुप्या न्यायच्याच नाहीत असे ठरवून साधा हातपंप घेतला. खाऊमध्ये मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चिक्की होती. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे आणि तुपाची बरणी घरीच राहिली, याचे दुःख एकाने विमानातही व्यक्त केले.

रहदारी उजव्या बाजूने चालते, हे सर्वांनाच ठाऊक असते, तरी शरीराला ते ठाऊक नसते. आमच्या सोसायटीच्या आवारात पहाटे उजवी बाजू धरून, हाताने इशारे देत आम्ही गोल-गोल फिरलो, तेव्हा रखवालदाराने आमच्याकडे काळजीने पाहिले. हॅण्डलच्या उजव्या टोकाचा आरसा काढून डाव्या टोकाला लावला, कारण तिथे मागून येणारे वाहन डावीकडून पुढे जाते.

प्रवास एका गावातून सुरू होऊन दुसऱ्याच शहरात संपणार असल्यामुळे परतीच्या खोक्यांचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. नव्या सायकली दुकानात खोक्यांतूनच येतात, हे लक्षात घेऊन व्हिएन्नातील काही सायकल दुकानांना मी ईमेल पाठवले. एका दुकानाने, येण्याच्या दोन दिवस आधी कळवल्यास तीन खोकी बाजूला ठेवू, असे उत्तर दिले. तो ईमेल छापून मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आणि म्युनिकला उतरल्यावर सायकली जोडून झाल्या, तशी पुण्याची खोकी निश्चिंतपणे रद्दीत टाकली.