नवऱ्याचा रविवार गुरुवारी येतो

आठवड्याचं प्लॅनिंग शिकवणारे व्हिडिओ बघितले की एक गोष्ट सगळीकडे गृहीत धरलेली दिसते, शनिवार-रविवार घरातल्या सगळ्यांना सुट्टी. आमच्याकडे तसं नाहीये. मी हिंजवडीत आयटीला, मला शनिवार-रविवार, नवरा भोसरी एमआयडीसीत, त्याला गुरुवार. पिंपरी-चिंचवडकरांना हे सांगायला नको पण बाहेरच्यांना फार नवल वाटतं, तर सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले की बाकीच्या दिवशी विजेवर लोड येतो म्हणून एरियाप्रमाणे सुट्ट्या वाटलेल्या, इकडे गुरुवार, डोंबिवलीकडे शुक्रवार. आणि कारखाने बंद म्हणून लाईटच्या मेंटेनन्सची कामंही बऱ्याचदा गुरुवारीच काढतात, म्हणजे बिचारा सुट्टीला घरी आणि पंखा बंद 😀

त्यात त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असली तर दुपारी साडेतीनला सुटतो, सेकंड असली तर लेक झोपल्यावरच घरी. त्यामुळे एकदा टाइमटेबल बनवलं आणि वर्षभर चालवलं हे आमच्याकडे होतच नाही, शिफ्ट कळली की शनिवारी रात्री किचनमधल्या कालनिर्णयवर नवा आठवडा मांडायचा. ॲप वापरून झाली, पण सासूबाई ॲप उघडत नाहीत आणि भिंतीकडे मात्र येता-जाता बघतात, दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीखही तिथेच असते.

मांडताना कामं आधी लिहायची नाहीत. आधी शोधायचं की चौघं एकत्र जेवू असे दिवस कुठले, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते जेमतेम दोन निघतात, गुरुवार आणि कधीतरी अजून एखादा, त्यांच्याभोवती गोल करायचा आणि मग उरलेल्या जागेत बाकीचं. ऑफिसच्या कामाला मीटिंग इन्व्हाइट असतो, रिमाइंडर वाजतो, मॅनेजर विचारतो. लेकीच्या स्विमिंगला यातलं काहीच नसतं म्हणून दर वेळी तेच मागे पडतं. म्हणून मी ते ऑफिसच्या कॅलेंडरवरही टाकते, नुसतं बिझी, कारण लिहायची गरज नसते आणि कोणी विचारतही नाही.

खरी गंमत नोव्हेंबरमध्ये. अमेरिकेतली घड्याळं पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि आमचा सहाचा क्लायंट कॉल सातवर येतो, म्हणजे बरोब्बर स्वयंपाकाच्या वेळेला, ते थेट मार्चपर्यंत. त्यामुळे हिवाळ्यात फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याकडे, सेकंडला कणीक आणि भाजी मी सकाळीच करून जाते आणि पोळ्या सासूबाई टाकतात. त्यांना रोज उभं राहायला नको म्हणून दोन कॉलना मी मॅनेजरला सांगून ऑप्शनल झालेय, काही अडलं नाही कोणाचं.

अर्जंट, इम्पॉर्टंट असे चार चौकोन करायला सांगतात तेही करून बघितलं. प्रॉडक्शनला, म्हणजे क्लायंटकडे चालू असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, बग आला आणि त्याच वेळी शाळेतून फोन आला की लेकीला ताप आहे, दोन्ही एकाच चौकोनात जातात, आता बोला! त्यापेक्षा मला "हे दुसरं कोणी करू शकतं का" एवढाच प्रश्न पुरतो. बग बघायला टीममध्ये कोणीतरी असतं, शाळेत मात्र आमच्यापैकीच कोणालातरी जावं लागतं.

गुरुवारच्या सुट्टीचा एक फायदा मात्र मानावा लागेल. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद, रविवारी तर सगळंच बंद, त्यामुळे बँक, आरटीओ, सासूबाईंची शुगरची तपासणी हे सगळं खातं नवऱ्याकडे, आणि तो ते माझ्यापेक्षा शांतपणे करतो. माझ्या मैत्रिणी असल्या कामांसाठी रजा टाकतात.

आणि मधूनच एखाद्या गुरुवारी मी हाफ डे टाकते, लेक शाळेत, दुपारचा शो. शुक्रवारी नवीन पिक्चर लागणार असतो त्यामुळे जुना बघायला थिएटरात चिटपाखरू नसतं, एसी मात्र फुल्ल.