25 ओव्या, सात रविवार

आमच्या मंडळीत गेले सात रविवार बायबलमधलं फिलेमोनाचं पत्र, म्हणजे प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं, चाललं होतं, काल एकदाचं संपलं. बायबल उघडून बघा, जेमतेम एक पान, 25 ओव्या (म्हणजे वचनं), चहा निवायच्या आत वाचून होतं. पण आमचे पाळक, म्हणजे पास्टर, एका रविवारी चार ओव्यांच्या पुढे गेले तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटत असावं.

मंडळी म्हणजे काय तर म्हापशात एका दुकानावरचा हॉल, तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक की-बोर्ड. वर पत्रे, त्यामुळे जोराचा पाऊस आला की संदेश थांबवून गाणी म्हणायची, दुसरा इलाज नाही. शेजारच्या कॅथलिक आंटी अजून विचारतात, "तुमची इगर्ज खंय गो?" इगर्ज म्हणजे चर्च. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र इगर्जीपुढे मी या जिन्याकडे बोट दाखवायचं म्हणजे... असो.

मी मूळची नगरची. तिथे मोठं चर्च, ठरलेली उपासना, पंधरा-वीस मिनिटांचा संदेश की घरी. इथे कुठलं मिशन नाही, बिशप नाही, सगळ्यांनी पुस्तक उघडून ओवीवर बोट ठेवायचं आणि मध्येच हात वर करून विचारलं तरी चालतं.

आणि लोक विचारतात! पौल तुरुंगातून फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम परत पाठवतोय, त्याला आता भाऊ म्हणून घे, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. ही 18वी ओवी. लगेच आमचे किराणा दुकानवाले अंकल उठले, "पाळकसाहेब, असं दुसऱ्याच्या नावावर मांडायला सांगणारे माझ्या वहीत किती आहेत माहितीय?" हॉल हसून हसून पडला. पाळक म्हणाले, पुढची वाचा. त्यात पौल म्हणतो, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. अंकल जरा गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे सही करून दिलीय." त्या रविवारी आम्ही तिथून पुढे सरकलोच नाही.

वचनाला ओवी म्हणायची सवय नगरपासूनचीच, कधी विचार केला नव्हता. इथे आल्यावर कळलं की फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं येशूची कथा सांगणारं क्रिस्तपुराण 1616 मध्ये इथेच गोव्यात रायतूरला छापलं, लिपी रोमी पण भाषा मराठी, आणि सगळं ओव्यांत! आंटींना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

पुढच्या रविवारपासून बायबलमधलंच योनाचं पुस्तक. 48 ओव्या, म्हणजे या वेगाने दिवाळी नक्की, तोवर पत्र्यांवरचा पाऊस तरी थांबला असेल.