हरणीचे पाय आणि सिमेंटचा रस्ता

फेब्रुवारीतली सकाळ होती. पळून आल्यावर मी ओट्यावर बसून बुटाच्या लेस सोडत होते, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अगं, फरशीवर हे रक्त कशाचं?"

उंबऱ्यापासून रांजणापर्यंत शहाबादी फरशीवर ओल्या डागांची रांग लागली होती. वाकून बघितलं तर प्रत्येक डागात दोन ठिपके जास्त गडद. आमची कुत्री हरणी रांजणापाशी शेपटी हलवत उभी होती. ना लंगडणं, ना कण्हणं. म्हणूनच मला रस्त्यावर काहीच कळलं नव्हतं. तिचा पुढचा उजवा पाय उचलून उलटा केला आणि पोटात गोळा आला. मधल्या दोन बोटांच्या गाद्यांवरची काळी कातडी एका बाजूने सुटली होती, डबीच्या झाकणासारखी उघडत होती. खाली गुलाबी मांस.

हरणी कारवानी जातीची, दोन वर्षांची. चाकूर तालुक्यातल्या मामांनी पिल्लू असताना दिली. ही जात नजरेवर शिकार धरणारी, समोर काही पळताना दिसलं की हिचं अंग आपोआप सुटतं. आणि मी तेव्हा रोज पळत होते. पोलीस भरतीच्या मैदानीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. माझं १०० मीटरचं टायमिंग बसत नव्हतं, म्हणून मी सकाळी दहा-दहा फेऱ्या मारायचे. आमचं गाव औसा तालुक्यातलं, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. त्यामुळे रस्ते रुंद आणि सरळ, आणि आता मुख्य रस्ता सिमेंटचा झालेला. पहाटे वाहन नाही, अंतर मोजून खडूने रेघा मारलेल्या. यापेक्षा चांगली जागा कुठली, असंच मला वाटायचं.

पहिल्या दिवशी मी चूक केली. जखमेत हळद भरली आणि जुन्या ओढणीची पट्टी करकचून बांधली, सुटू नये म्हणून. संध्याकाळी पट्टीच्या पुढे दिसणारी बोटं सुजून टम्म झाली होती आणि हाताला थंड लागत होती. पट्टी लगेच सोडली आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. दादा गाडी चालवत होता, मी मागे तिला मांडीवर घेऊन.

डॉक्टरांनी आधी कोमट सलाईनने पाय धुतला. हळदीचा लगदा निघायलाच बराच वेळ गेला. मग सुटलेल्या कातडीचा मेलेला भाग कात्रीने काढला, मलम लावलं, बोटांच्या मधे कापसाचे छोटे बोळे ठेवले आणि सैलसर पट्टी बांधली. मधल्या दोन नखांची टोकं मुद्दाम उघडी ठेवली. "ताई, ही दोन नखं रोज बघायची. एकमेकांपासून लांब गेलेली दिसली म्हणजे सूज आली, पट्टी आवळलीय. तेव्हा वाट बघायची नाही." बोळे का, तर बोटांच्या फटीत घाम साचतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यत्वे तळव्यालाच, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेर नेताना पट्टीवर दुधाची रिकामी पिशवी चढवायची, पण घरात आल्या आल्या काढायची. आणि माणसाची दुखण्यावरची गोळी अजिबात द्यायची नाही. ब्रुफेन, क्रोसिन घरात असतंच, आणि तिचा चेहरा बघून हात डबीकडे जातोच. या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटाला, किडनीला, यकृताला इजा होते, जीवही जाऊ शकतो.

मग त्यांनी विचारलं, पळते कशी? कुठे पळते हे नाही, कशी पळते. मी सांगितलं, शंभर मीटर. ती माझ्या आधी पोचते, रेघेपाशी गर्रकन वळते आणि परत माझ्याकडे येते. डॉक्टरांनी तिचा दुसरा पुढचा पाय हातात घेऊन दाखवला. कुत्र्याचं अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं आणि त्यातही मधली दोन बोटं सगळ्यात जास्त भार घेतात. सरळ पळताना गादी झिजते ती हळूहळू. पण भरधाव वेगात ब्रेक मारून जागेवर वळलं की गादीची वरची कातडी जमिनीला धरून राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं. तिथे ती सुटते.

परत आल्यावर मी रस्ता नीट बघितला. सिमेंट ओलं असताना त्यावर आडव्या बारीक खाचा ओढतात, चाक घसरू नये म्हणून. तळहात घासून बघितला तर कानशीसारखा लागला. माझ्या पायात जाड तळाचे बूट होते. आणि ती माझ्या दहा फेऱ्यांना तिच्या वीस फेऱ्या करत होती, उघड्या पायांनी.

पुढचे तीन आठवडे सगळ्यात कठीण गेले. खरं तर दोन आठवड्यांत उरकलं असतं. आठव्या दिवशी दार उघडं राहिलं, समोरून मांजर गेलं आणि हरणी सुटली. कोवळी कातडी पुन्हा फाटली आणि पुन्हा पहिल्यापासून. जखम वरून मिटलेली दिसते तेव्हाच जास्त जपावं लागतं, कारण ती नवी कातडी पातळ असते. चाटू नये म्हणून जुन्या बादलीचं बूड कापून तिच्या गळ्यात अडकवलं होतं, कडेला कापड शिवून.

पळणारं जनावर घरात बसवायचं म्हणजे त्याला दुसरं काम द्यावं लागतं. मी भाकरीचे बारीक तुकडे करून गोणपाटाच्या घडीत, रिकाम्या खोक्यात, जात्यामागे लपवायचे आणि "हुडक" म्हणायचे. पहिले दोन दिवस ती नुसती माझ्याकडे बघत बसली, नजरेची शिकारीण ना ती. तिसऱ्या दिवशी नाक खाली गेलं. वीस मिनिटं वास घेत हुडकल्यावर ती अशी गाढ झोपायची की पळून आल्यावरही तशी झोपली नव्हती.

या काळात बुटांचाही प्रयोग केला. ऑनलाईन फोटो बघून चार बूट मागवले, ते सैल निघाले. सैल बूट आत फिरतो आणि पायाच्या वर आतल्या बाजूला जे पाचवं नख असतं तिथे घासतो. अर्ध्या तासात तिथली कातडी लाल झाली. मग नीट माप घेतलं. ती उभी असताना दुसरा पाय उचलून धरायचा म्हणजे या पायावर पूर्ण भार येतो, पंजा पसरतो, आणि तेव्हा कागदावर पेन्सिल फिरवायची. बसलेल्या कुत्र्याचं माप घेतलं तर बूट आवळणारच. पुढच्या पंजाची रुंदी मागच्यापेक्षा जास्त भरली, म्हणून दोन मापं मागवावी लागली. एकेक बूट दोन-दोन मिनिटं, भाकरी खाताना, असं करत आठवड्यात चारही सहन करायला लागली. तरी माझं मत सांगते, बूट हे तापलेल्या रस्त्यावरून दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी किंवा बऱ्या होत आलेल्या पायासाठी. सुसाट पळण्यासाठी मी ते तिला घालत नाही. बुटात तिला जमीन कळत नाही, वळणावर पाऊल चुकतं, आणि आत घामाने गादी भिजून मऊ पडते.

मऊपणाची भीती मला तेलानेही दाखवली. सुरुवातीला मी रोज रात्री खोबरेल चोळायचे. डॉक्टर म्हणाले, भेग पडली असेल तर थोडं चोळा, एरवी नको, गादी राठच असायला हवी. आता फक्त उन्हाळ्यात, कोरडी पडून तडकायला लागली तर खोबरेलात मधमाशीचं मेण वितळवून केलेलं मलम नखभर लावते.

मार्चमध्ये मामा आले. पाय बघितला आणि म्हणाले, "पळवायलीस कशावर गं तिला?" मी सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग मला घेऊन शिवार फिरले. मला वाटलं होतं रान म्हणजे मऊच, पण तुरीच्या रानात धसकटं उभी होती, तिरपी कापलेली, सुरीसारखी. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, त्यात पाय अडकला तर मोडायचा. बांधावर गोखरू आणि कुसळी गवत. कुसळ बोटांच्या फटीत शिरलं की आत आत जातं आणि गाठ येते, हे मामांनी त्यांच्या कुत्र्यांत बघितलेलं. शेवटी तेरणेच्या काठी मळई सापडली, गाळाची, दाबली तर बोट थोडं आत जाईल अशी. शंभर पावलं चालत आम्ही काचा, तारा, खडे वेचून काढले.

परत पळवायलाही घाई केली नाही. आधी दहा मिनिटं चालणं, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. रस्त्यावरूनही रोज थोडं चालवते, चालण्याने गादी टणक होते आणि नखंही झिजतात. फरशीवर टकटक आवाज यायला लागला की नखं वाढली. लांब नखामुळे बोट वर ढकललं जातं आणि भार चुकीच्या जागी येतो. तिची नखं काळी, आतली शीर दिसत नाही, म्हणून तांदळाएवढं तांदळाएवढं कापायचं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबायची.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवते आणि सात मोजते. हात उचलावासा वाटला तर जायचं नाही. डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे मे महिन्यात संध्याकाळ बंद, फक्त पहाट. आल्यावर एक तांब्या पाणी चार पायांना पुरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेला आमचा जिल्हा, इथे पाणी सांडायला कुणाचं मन होत नाही. पण हा तांब्या आई स्वतः भरून ठेवते. पावसाळ्यात मात्र धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. काळी माती बोटांच्या मधे चिकटते, वाळली की खडा होतो आणि प्रत्येक पावलाला टोचतो. आणि भिजलेली गादी लवकर फाटते, म्हणून फटीफटीत फडकं फिरवते.

फेऱ्याही बदलल्या. रेघेपाशी जाऊन वळणं बंद केलं. आता दादा पलीकडच्या टोकाला उभा राहतो आणि लांबूनच तिला हाक देत मागे मागे चालतो, म्हणजे ती मोठा गोल घेऊन थांबते. माझ्या नळीच्या हाडाचं दुखणंही मळईत आल्यापासून कमी झालंय.

रात्री जेवणं झाली की ती आपणहून आडवी होते आणि पाय पुढे करते. उजव्या पायाच्या मधल्या गादीवर अजून ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट डाग आहे, बाकी सगळं काळं आणि खरखरीत. सकाळी मळईत ती थांबते तिथे मातीत वीतभर लांब चार चर उमटतात. तिच्याबरोबर माती सरकते.