अडकणारा ड्रॉवर: घासण्याआधी तो कुठे घासतोय ते बघा

ड्रॉवर अडकायला लागला की हात लगेच पॉलिश पेपरकडे नाहीतर तेलाच्या बाटलीकडे जातो. जरा थांबा. आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि बॅटरीच्या उजेडात त्याच्या कडा नीट बघा. घासणारी जागा गुळगुळीत, चकचकीत किंवा काळपट झालेली असते. खूण सापडत नसेल तर सगळ्या कडांवर रंगीत खडू फिरवा आणि ड्रॉवर दोन-तीनदा आतबाहेर करा. खडू पुसला गेला, तीच जागा.

मग टेप घेऊन ड्रॉवरचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २-३ मिमीपेक्षा जास्त आला तर ड्रॉवर गुण्यात (काटकोनात) नाही, आणि वाकडा ड्रॉवर कितीही घासला तरी सरळ चालणार नाही. बहुतेक वेळा एखादा कोपरा सुटलेला असतो. जुना गोंद खरवडून काढा, कारण त्याच्यावर नवा गोंद धरत नाही. नवा लावून क्लॅम्पनं किंवा दोरीनं आवळा, कर्ण पुन्हा जुळवा आणि मग २४ तास हात लावू नका. कर्ण जुळवायचे ते गोंद ओला असतानाच.

आता अस्सल लाकडाचा ड्रॉवर. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. बाजूच्या फळीचे तंतू पुढून मागे जातात, म्हणजे दमट हवेत ती फळी उंचीला वाढते. १५० मिमी उंचीची फळी हवेप्रमाणे एक-दीड मिमीनं सहज कमीजास्त होते. म्हणून असा ड्रॉवर वरच्या कडेला अडकतो, आणि लोक मात्र बाजू घासत बसतात! दमट दिवसांत रंधा मारायची घाई करू नका. तेव्हा बरोबर बसवलेला ड्रॉवर हवा कोरडी झाली की खडखडायला लागतो. अगदीच जड चालत असेल तर रिकामा करून दोन-चार दिवस कोरड्या खोलीत ठेवा. तरीही अडकला तर खुणेच्या जागी रंध्याचे अगदी पातळ काप घ्या आणि दर दोन-तीन कापांनंतर बसवून बघा. शेवटी उघडं पडलेलं लाकूड लाखेच्या पॉलिशनं बंद करा. त्यानं ओल शोषणं थांबत नाही, पण बरंच मंदावतं.

सरकण्यासाठी लाकडावर पांढरी मेणबत्ती घासायची. तेल नको: ते लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि कपड्यांना डाग पाडतं.

खालची कड झिजली असेल तर ड्रॉवर पुढून खाली बसतो आणि दर्शनी फळी चौकटीला घासते. तिथे मेणाचा उपयोग नाही. झिजलेला भाग सपाट करून तेवढ्याच जाडीची कठीण लाकडाची पट्टी चिकटवा. तळ मध्येच लोंबत असेल तर ३ मिमीचा हार्डबोर्ड काढून ६ मिमीचं प्लाय घाला. खाच अरुंद असेल तर प्लायच्या कडा खालून रंधून पातळ करा.

टेलिस्कोपिक चॅनलचं, म्हणजे ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या, एकमेकींत सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं गणित वेगळं. बॉल असलेल्या नेहमीच्या ४५ मिमी उंचीच्या चॅनलला प्रत्येक बाजूला १२.५ ते १३ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवर कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा २५-२६ मिमी अरुंद हवा. जागा कमी पडली तर तो जड चालतो, जास्त झाली तर डुगडुगतो आणि बॉल निसटतात. दोन चॅनलमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. मिलिमीटरभर फरकानंही ड्रॉवर आत जाताना आवळतो. जिथे अंतर जास्त आहे तिथे चॅनलमागे सनमायकाचा तुकडा सरकवा. तो साधारण १ मिमी जाड असतो, पाचरीचं काम झकास करतो. उंचीचा फरक असेल तर लांबट भोकांतले स्क्रू सैल करून चॅनल वरखाली करा आणि जुळल्यावर गोल भोकात एक स्क्रू मारून जागा पक्की करा.

प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी टक्क आवाज होत असेल तर तिथे स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं आणि बॉलची जाळी (बॉल जागेवर धरणारी सरकती पट्टी) त्याला आपटते. चपट्या डोक्याचा स्क्रू पूर्ण आत बसवा.

बंद होताना शेवटचे दोन-तीन इंच ड्रॉवर अडून राहतो, तेव्हा बॉलची जाळी जागेवरून सरकलेली असते. धाडकन आपटू नका. दोन्ही हातांनी समोरची फळी सारख्या दाबानं आत ढकला, जाळी मागे जाते. ड्रॉवर काढून परत घालताना दोन्ही जाळ्या आधी पुढच्या टोकाला ओढून घ्या आणि दोन्ही पट्ट्या एकदम सरळ घाला. एक बाजू तिरकी गेली की जाळी वाकते, आणि वाकलेली जाळी दुरुस्त होत नाही.

चॅनल बदलायचाच असेल तर जुना बंद स्थितीत मोजा. लांबी दोन-दोन इंचांच्या टप्प्यानं मिळते. जोडी एकदम बदला. जुन्या भोकांत स्क्रू धरत नसेल तर गोंद लावलेल्या काड्या ठोकून, वाळल्यावर सपाट कापून, मगच स्क्रू पिळा.