काम न थांबवणारे बिघाड

विजेच्या उपकरणांचे बिघाड देखभाल विभागाच्या कानावर पडतात ते गैरसोयीच्या क्रमाने. धोक्याच्या क्रमाशी त्याचा फारसा संबंध नसतो. मोटार बंद पडली की लगेच फोन खणखणू लागतो, पण त्याच मोटारीची अर्थिंगची, म्हणजे धातूचे आवरण जमिनीशी जोडणारी, तार तुटली तर वर्षानुवर्षे कोणी तक्रार करत नाही, कारण अर्थिंग नसतानाही मोटार पूर्वीइतकीच सुरळीत फिरते. देखभालीच्या कामात इतका काळ घालवल्यानंतर मला पहिल्या प्रकारच्या बिघाडाची भीती वाटेनाशी झाली आहे. तो स्वतःच ओरडून लक्ष वेधून घेतो आणि उत्पादनाच्या दडपणापोटी का होईना, त्याच दिवशी दुरुस्त होतो. ज्या बिघाडाने काम अडत नाही, तो मात्र जागच्या जागी मुरत राहतो.

अर्थिंगचे उदाहरण थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. यंत्राच्या आत फेजची तार कुठे तरी घासून धातूच्या आवरणाला टेकली, तर त्या आवरणाला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेतून मोठा प्रवाह वाहू लागतो. २३० व्होल्टच्या मंडलात परतीच्या वाटेचा एकूण रोध १ ओहम असेल, तर हा प्रवाह सुमारे २३० अँपिअर होतो आणि १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा स्वीच, क्षणार्धात पडते आणि पुरवठा तुटतो. म्हणजे अर्थिंग धोकादायक बिघाडाचे रूपांतर काम थांबवणाऱ्या बिघाडात करते, आणि हेच तिचे खरे काम आहे. अर्थिंग तुटलेली असेल तर आवरणावर २३० व्होल्ट येऊन बसतात, यंत्र चालूच राहते आणि परतीची वाट पूर्ण करायला कोणाच्या तरी हाताची वाट पाहिली जाते. अर्थिंग शाबूत असूनही परतीची वाट केवळ जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडमधून जात असेल आणि तिचा रोध २० ओहम असेल, तरीही फारसा फरक पडत नाही, कारण अशा वेळी प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो नेहमीचाच भार वाटतो. अर्थिंगची पट्टी भिंतीवर दिसते म्हणजे संरक्षण आहे, असे म्हणता येत नाही.

ही तार बहुतेक वेळा प्लगमध्येच तुटते. हातातल्या ग्राइंडरचा किंवा ड्रिलचा प्लग उघडून पाहिला, तर आतले चित्र बरेच काही सांगून जाते. केबल पकडून ठेवणारी पट्टी सैल झालेली असते किंवा तिचा एक स्क्रू हरवलेला असतो, त्यामुळे केबल ओढली की सगळा ताण आतल्या टर्मिनलांवर येतो. प्लग जोडताना अर्थिंगची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवायची असते. केबल निसटलीच तर आधी फेज आणि न्यूट्रल सुटावेत आणि अर्थिंग सर्वांत शेवटी सुटावी, असा त्यामागचा विचार आहे. प्रत्यक्षात घाईघाईने जोडलेल्या प्लगमध्ये तिन्ही तारा सारख्याच लांबीच्या कापलेल्या असतात, आणि वरची जाड पिन केबलच्या तोंडापासून सर्वांत दूर असल्यामुळे अर्थिंगचीच तार ताणून बसवलेली असते. साहजिकच पहिल्या हिसक्याला तीच सुटते. यंत्र मात्र चालू असते. ‘साहेब, मशीन तर फिरतंय, मग बिघडलंय कुठे?’ हा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तर प्लग उघडल्याशिवाय देता येत नाही. (दुहेरी इन्सुलेशनच्या हत्यारांना दोनच तारा असतात आणि चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना अर्थिंग लागत नाही. ती खूण नसलेल्या हत्याराला दोन पिनांचा प्लग दिसला, तर ते बाजूला ठेवावे.)

एमसीबीविषयीचा गैरसमज इतका रुजलेला आहे, की शिकलेली माणसेही ‘एमसीबी आहे ना, मग शॉक कसा बसेल?’ असे विचारतात. एमसीबी असते ती तारेला वाचवण्यासाठी. माणसाचे स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता येऊ नये, इतका प्रवाह किती असतो हे अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले. पुरुषांसाठी तो सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आणि स्त्रियांसाठी साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास निघाला. १६ अँपिअरची एमसीबी आणि १६ मिलिअँपिअरचा प्रवाह यांच्यात हजारपटींचे अंतर आहे. ओल्या हाताने पकडलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर वाहतात. एवढ्या प्रवाहाने हृदयाची लय बिघडू शकते आणि एमसीबीला त्याची दखलही घेता येत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे ती सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, त्याहून मोठी असेल तर आणखी लवकर, पुरवठा तोडते. तीही सर्वशक्तिमान नाही. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडणारा माणूस कोरड्या लाकडी फळीवर उभा असेल, तर आरसीसीबीच्या दृष्टीने तो एक साधा बल्ब असतो.

आणि ही आरसीसीबीसुद्धा मुकाट्याने बिघडू शकते. आतली यंत्रणा धुळीने किंवा वर्षानुवर्षे न हलल्यामुळे अडकली, तरी पुरवठा चालूच राहतो, आणि ती अडकली आहे हे कळायला तिच्यावरचे परीक्षणाचे बटण दाबावे लागते. बटण दाबले की सगळा विभाग क्षणभर अंधारात जातो, म्हणून कामाच्या वेळेत ते कोणी दाबू देत नाही आणि सुट्टीच्या दिवशी दाबायला कोणी नसते.

आता सैल जोडाकडे वळतो, कारण माझ्या मते आगीच्या बाबतीत याच्याइतका कपटी बिघाड दुसरा नाही. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळलेला नसेल आणि त्या जागी फक्त ०.३ ओहमचा रोध तयार झाला असेल, तर १० अँपिअरच्या भाराला तेथे ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि ३० वॉट उष्णता निर्माण होते. तीन व्होल्ट कमी झाल्याने हीटर, पंप किंवा संगणक यांना काहीच जाणवत नाही. एमसीबीला १० अँपिअर दिसतात, म्हणजे सारे काही ठीक. आरसीसीबीला फेज आणि न्यूट्रल यांचा हिशेब जुळलेला दिसतो, म्हणजे तिच्याही मते ठीक. पण ३० वॉट म्हणजे एका छोट्या सोल्डरिंग आयर्नची पूर्ण उष्णता, आणि ती प्लॅस्टिकच्या बंद डबीत, एका स्क्रूच्या टोकावर, तासन्‌तास साचत असते. तापल्याने धातूवर ऑक्साइड चढते, रोध वाढतो, त्यामुळे आणखी तापते. एके दिवशी सॉकेटचा चेहरा पिवळट पडलेला, प्लगची एकच पिन काळवंडलेली आणि आजूबाजूला मासळीसारखा उग्र वास येत असल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते. या वासाबद्दल लोक आधी खिडकीबाहेर पाहतात, सॉकेटकडे पाहत नाहीत.

सैल जोडाचे मूळ बहुधा जोडणी करणाऱ्याच्या हातात असते. बहुतारी केबलचे टोक नीटनेटके दिसावे म्हणून त्यावर सोल्डर चढवून ते स्क्रूखाली दाबण्याची सवय अजूनही आढळते. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरत जाते आणि आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. त्यापेक्षा योग्य मापाची फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची छोटी नळी, क्रिम्प करून (पकडीने दाबून) बसवणे केव्हाही चांगले. अॅल्युमिनियमच्या तारेचे दुखणे दुहेरी असते: तिच्यावर ऑक्साइडचा थर लगेच बसतो, आणि तापण्या-निवण्याने ती तांब्यापेक्षा जास्त प्रसरण-आकुंचन पावत असल्याने जोड ढिला होत जातो. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने असे जोड सापडतात खरे, परंतु पॅनेलवर पुरेसा भार असेल तरच. सुट्टीच्या दिवशी, सारे बंद असताना काढलेले थर्मल कॅमेऱ्याचे फोटो अहवालाला शोभा आणतात, एवढाच त्यांचा उपयोग.

अतिभाराबद्दलही एक गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. एमसीबीवर १६ लिहिलेले आहे म्हणून साडेसोळा अँपिअरला ती पडेल, अशी अपेक्षा चुकीची आहे. प्रमाणानुसार १.१३ पट प्रवाहाला ती तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडलीच पाहिजे. म्हणजे २२-२३ अँपिअर बराच वेळ वाहू शकतात. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असे जोडून शेवटी हीटर लावणाऱ्यांनी, आणि उरलेली केबल वेटोळे करून टेबलाखाली ढकलणाऱ्यांनी, हा आकडा ध्यानात ठेवावा. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, त्यामुळे मोकळ्या केबलला सहज झेपणारा प्रवाह तेथे इन्सुलेशन वितळवू शकतो.

संरक्षण जेव्हा खरोखर काम करते, म्हणजे काम थांबवते, तेव्हा काय होते हेही पाहिले पाहिजे. बराच काळ बंद ठेवलेल्या हीटरच्या एलिमेंटमधली भुकटी ओलावा शोषून घेते आणि हीटर सुरू करताच आरसीसीबी पडते. कार्यालयात संगणकांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडा थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये झिरपत असतो, आणि एकाच आरसीसीबीवर असे बरेच संगणक असले की बेरीज तिच्या मर्यादेजवळ जाते. पहिल्यावर उपाय एलिमेंट सुकवणे हा आहे, दुसऱ्यावर मंडले विभागणे हा. परंतु वेळेच्या घाईत कोणाला तरी असा शोध लागतो, की अर्थिंग काढली तर काहीच पडत नाही. हा शोध तांत्रिकदृष्ट्या अचूक असतो, म्हणून तो पसरतो. गोंगाट करणारा, काम अडवणारा बिघाड अशा तऱ्हेने हाताने मुका केला जातो आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

मुका बिघाड हत्यारांतही असतो. निऑन दिव्याचा स्क्रूड्रायव्हरसारखा टेस्टर पेटला नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: तारेत वीज नाही, किंवा टेस्टर बिघडला आहे. काम करणारा माणूस स्वाभाविकपणे सोयीचा अर्थ घेतो. म्हणूनच टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी लावून पाहायचा, मग कामाच्या जागी लावायचा आणि नंतर पुन्हा चालू जागी लावून तो मध्येच बिघडला नाही ना हे पाहायचे, अशी पद्धत आहे. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. खरे तर मारक व्होल्टेज नाही हे ठरवण्यासाठी निऑनचा टेस्टर वापरूच नये. त्यासाठी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर असतो. स्वीच बंद करून त्याला आपले कुलूप लावणे, किल्ली आपल्याच खिशात ठेवणे आणि नावाची पाटी अडकवणे ही शिस्तही याच कारणासाठी आहे. अमेरिकेत तिचा स्वतंत्र नियम १९८९ मध्ये झाला. नुसते स्टॉपचे बटण दाबून किंवा आपत्कालीन लाल बटण दाबून यंत्राच्या आत हात घालणे म्हणजे कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर यंत्राचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्वीचच्या, शहाणपणावर जीव सोपवणे होय, कारण कॉन्टॅक्टरचे टोक चिकटले तरी बटण दाबलेलेच दिसते. मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये तर पुरवठा तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब काही मिनिटे शिल्लक राहतो, म्हणून आवरणावर लिहिलेला वेळ थांबावे लागते आणि त्यानंतरही मोजून पाहावे लागते.

झिणझिण्या आल्या, एवढेच सांगून लोक हसतात आणि कामाला लागतात, ही गोष्ट मला फार खटकते. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिख यांनी मांडलेला एक मोठा अपघात, २९ किरकोळ आणि ३०० इजा न झालेल्या घटना हा त्रिकोण अनेक भिंतींवर रंगवलेला असतो. त्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे, कारण पाय घसरण्याच्या घटना मोजून स्फोटाचा अंदाज करता येत नाही. विजेच्या बाबतीत मात्र झिणझिण्या आणि मृत्यू यांमागचा बिघाड अनेकदा अगदी एकच असतो. आवरणावरचे २३० व्होल्ट दोन्ही वेळा तेच असतात. आज हात कोरडा होता आणि पायात रबरी तळाचे बूट होते, उद्या घाम आलेला असेल, एवढाच फरक.

यावर अभियांत्रिकीने शोधलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे संरक्षणाचा बिघाड मुद्दाम कामाच्या आड आणणे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८७२ च्या स्वयंचलित एअर ब्रेकमध्ये नळी फुटली की ब्रेक निकामी होत नाहीत, ते लागतात. आपत्कालीन बटणाचा संपर्क एरवी जोडलेला ठेवतात तोही याच विचाराने: तार तुटली की यंत्र थांबते. खाणीतल्या फिरत्या यंत्रांच्या केबलमध्ये याच कारणासाठी एक जास्तीची पायलट तार घातलेली असते. तिच्यातून आणि अर्थिंगमधून मिळून एक छोटा प्रवाह सतत फिरवला जातो आणि अर्थिंग तुटताच पुरवठा बंद होतो.

साध्या ग्राइंडरला अशी तार नसते, त्यामुळे तेथे मोजण्याला पर्याय नाही. प्लगची अर्थिंगची पिन आणि हत्याराचे उघडे धातूचे अंग यांमधला रोध, केबलचा स्वतःचा रोध वजा केल्यावर, ०.१ ओहमच्या आत असावा असा प्रघात आहे. मल्टिमीटरच्या बझरवर मात्र विसंबू नये, कारण तारेच्या सगळ्या लडी तुटून एकच उरली असली तरी तो वाजतो. त्यासाठीची खास परीक्षण-उपकरणे जास्त प्रवाह, काही तर २५ अँपिअरपर्यंत, सोडून पाहतात. परीक्षण चालू असताना केबल प्लगजवळ आणि हत्याराच्या तोंडाशी वाकवून, हलवून पाहावी, कारण अर्धवट तुटलेली तार सरळ ठेवलेल्या केबलमध्ये बहुधा जोडलेलीच असते.